स्टोव्हवर रंगाचे चार हात

शनिवार, सकाळी साडेदहा. ईडन प्रेरी, मिनेसोटा. मंडळाने मराठी शाळेसाठी भाड्याने घेतलेल्या घराचं तळघर. हजर मोठी माणसं चार: मी, मंडळाचा सेक्रेटरी सुहास, त्याची बायको आणि शाळेची शिक्षिका वृंदा, आणि आमचा हार्डवेअर इंजिनिअर मिलिंद. सुहास-वृंदाची आठ वर्षांची ईशा जिन्यावर बसलेली. मधोमध पेलेट स्टोव्ह. काम: थंडी सुरू होण्याआधी तो साफ करून रंगवणं.

त्या सकाळचं शेवटी सांगतो. आधीचं ऐकल्याशिवाय त्यात मजा नाही.

"काका, दिवाळी अंकासाठी काहीतरी लाइट द्या ना यार," असं सुहास म्हणाला. नागपुरात तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाकडे लाइट मागू नये. पण किस्से माझ्याकडे होते. किस्से राखेसारखे साचतात. राख चिमूट चिमूट पडते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस दार उघडावं तर ढीग!

ज्यांनी पेलेट स्टोव्ह पाहिला नाही त्यांच्यासाठी: ही विजेवर चालणारी लोखंडी शेगडी. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या वरून ओतायच्या, त्या आपोआप थोड्या थोड्या आत पडून जळतात. धूर मागच्या पाइपातून घराबाहेर जातो. पाइप जिथे वळतो तिथे खाली एक झाकण असतं. उडालेली राख तिथे साठते. वर्षातून एकदा झाकण काढून ती काढायची. एवढंच. पाचवीतल्या मुलाला जमेल असं काम. आमच्याकडे मात्र सगळे मास्टर्स झालेले.

* * *

२००२. पहिलं वर्ष. सुहास प्रोजेक्ट मॅनेजर, त्यामुळे आधी प्रोसेस आली. त्याने भिंतीवर एक तक्ता लावला: डावीकडे पाच कामं, वर वर्षं, प्रत्येक चौकोनात टीक करायची. काच पुसली. गोळ्या जळतात ते भांडं खरवडलं. राखेचा ट्रे रिकामा केला. रंग दिला. आणि पाचवं, मागचं झाकण काढून पाइप साफ केला.

मग रंगावर कॉन्फरन्स कॉल झाला. मॅट काळा की चकचकीत काळा? दीड तास! मॅट जिंकला. दसऱ्याचा कार्यक्रम रविवारी होता. दसऱ्याला यंत्राची पूजा करायची, म्हणून शनिवारी आधी रंग लावायचं ठरलं.

मी विचारलं, "आणि आतली राख?"

"काका, पूजेला लोक येणार ते स्टोव्हचं तोंड बघणार, आतडी नाही!" सुहास म्हणाला.

रविवारी स्टोव्हला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. तक्त्यावर पाचही चौकोनांत टीक झालेली होती. मीही पेढा खाल्ला, खोटं कशाला सांगू.

* * *

२००३. रंग आणायला विसरले. मिलिंदकडे गराजच्या दाराचा चकचकीत काळा उरला होता. "काळा तो काळा," तो म्हणाला आणि लावला. उष्णता सोसणारा रंग वेगळा मिळतो हे डब्यावर लिहिलेलं असतं. पण डबा वाचणं हे आमच्याकडे कमीपणाचं मानतात.

पहिल्यांदा पेटवला त्या दिवशी पहिला बर्फ पडत होता. दहा मिनिटांत असा काही वास सुटला की अख्खा वर्ग ड्राइव्हवेवर. वृंदाने बर्फात उभं राहून सातचा पाढा पूर्ण करून घेतला.

पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात सुहासने लिहिलं: "वर्ग आउटडोअर घेण्यात आला. मुलांनी एन्जॉय केलं."

* * *

२००४. यंदा राखाडी रंग हवा, असा ठराव झाला. चकचकीत रंगाची आठवणही नको होती. राख काढायला मिलिंदने घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणला. मी म्हटलं, राखेसाठी वेगळा मिळतो. तो म्हणाला, "काका, सक्शन इज सक्शन."

पुढून आत गेलेली राख मागून बाहेर आली. सगळी! जिन्यातून वर आलेला मिलिंद केसांपासून मोज्यांपर्यंत पांढरा.

त्याची आई तेव्हा वर्ध्याहून आली होती. तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "कुंभमेळ्याला निघालास का रे?"

* * *

या काकूंचा आणखी एक. कोपऱ्यात गोळ्यांची पोती रचलेली पाहून त्यांनी मूठभर गोळ्या हातात घेतल्या, वास घेतला आणि खुश होऊन म्हणाल्या, "ही तर पेंड! म्हैस कुठं बांधली?"

सगळे पोट धरून हसले. हसणं थांबल्यावर काकू म्हणाल्या, "हसा. पण धुराडं कोंडलंय तुमचं. मला आल्यापासून गरगरतंय."

मिलिंद म्हणाला, "आई, ही चूल नाही. हिला सेन्सर आहे."

* * *

सेन्सर होताच! धूर नीट बाहेर गेला नाही की स्टोव्ह स्वतःच बंद पडायचा. त्या हिवाळ्यात तो दर शनिवारी वीस मिनिटांनी बंद पडू लागला. मुलं जॅकेट घालून बाराखडी म्हणायची.

मिलिंदने मागचं पॅनल उघडलं, दोन इंचांची तार घेतली आणि सेन्सरला वळसा घालून जोडून टाकली. स्टोव्ह चालला तो चाललाच.

"सेन्सर ओव्हरसेन्सिटिव्ह होता," तो म्हणाला.

संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाने त्याचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला. दोन इंच तारेसाठी इतका मोठा सत्कार मी नागपुरात मंत्र्यांचाही पाहिला नव्हता.

* * *

भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे कोंडलेल्या धुरातल्या वास नसलेल्या विषारी वायूचा, अलार्मसुद्धा होता. त्याचा किस्सा छोटा आहे. २००५ च्या गणपतीत ऐन आरतीला माइक बंद पडला. माइकला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. अलार्मलाही तीच लागते.

मी हरकत घेतली. सुहास हात जोडून म्हणाला, "काका, प्लीज. घालीन लोटांगण झालं की परत लावतो."

लोटांगण दणक्यात झालं. बॅटरी आजही माइकमध्ये आहे.

* * *

आता ईशाचं. त्यानंतरच्या हिवाळ्यात दर शनिवारी वर्ग अर्ध्यावर आला की ती म्हणायची, "आई, माय हेड हर्ट्स."

वृंदाचं उत्तर ठरलेलं. "जोडाक्षरं आली की बरोबर दुखतं गं तुझं!"

मग आणखी दोघांचं दुखू लागलं, मग पाच जणांचं. वृंदाने त्यांना जास्तीचा होमवर्क दिला. एकदा ईशाला वहीवरच उलटी झाली. "घरून पिझ्झा खाऊन आली होती," असं ठरलं. मंडळाच्या स्नेहसंमेलनात यावर छोटं नाटुकलं बसवलं होतं: मराठीचं नाव काढताच डोकं धरणारी मुलं. हशा आणि टाळ्या. ईशाला त्यात ईशाचंच काम दिलं होतं.

वृंदा स्वतः दर शनिवारी घरी जाऊन डोकेदुखीची गोळी घ्यायची. "पोरं किती ओरडतात, काका!"

* * *

तर २००६ मधला तो शनिवार. २००५ मध्ये पुन्हा मॅट काळा दिला होता, तोही जुन्या रंगावरच. यंदा मी भांडलो. "आधी जुना रंग खरवडा. मग साफ करा. मग रंगवा. पूजा राहिली तरी चालेल!"

"काका चिडले," मिलिंद म्हणाला.

"काका नेहमीच चिडलेले असतात," सुहास म्हणाला. पण रंग खरवडायचा पत्रा त्याने हातात घेतला.

मी मागच्या बाजूने सुरुवात केली. पाइपच्या वळणापाशी पत्रा घासला आणि थर दिसू लागले. वरती मॅट काळा, २००५. त्याखाली राखाडी, २००४. त्याखाली चकचकीत काळा, २००३. आणि तळाला पहिला मॅट. रंगाचे चार हात.

चारही हात पाइपवरून सलग झाकणावर उतरले होते. झाकणाच्या फटीवर कुठे चीर नव्हती, ओरखडा नव्हता. रंग न मोडता ते झाकण निघणं शक्यच नव्हतं.

"मिलिंद," मी म्हटलं, "इकडे ये."

तो आला. बघत राहिला. मग कटरने त्याने फटीवरचा रंग गोल कापला आणि पक्कड लावून झाकण ओढलं. आधी काहीच पडलं नाही, इतकी राख दाबून बसली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर खुपसला तेव्हा ती पडली. अर्धी बादली.

मिलिंद उठला, मागचं पॅनल उघडून दोन इंचांची तार उपटली आणि खिशात घातली.

जिन्यावरून ईशा म्हणाली, "सो आय वॉजन्ट लायिंग?"

वृंदा जाऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली. मराठी शाळा आता तिच्या घरी, लिव्हिंग रूममध्ये भरते.

मी तक्त्यापाशी गेलो. पाचवं काम, मागचं झाकण काढून पाइप साफ केला: २००२, टीक. २००३, टीक. २००४, टीक. २००५, टीक.

"काका, त्या टिका म्हणजे... एक फॉर्मॅलिटी असते ना," सुहास म्हणाला.

मी त्याला शेवटचा रकाना दाखवला. २००६. आम्ही त्या सकाळी आलो तेव्हा काच पुसलेली नव्हती, भांडं खरवडलेलं नव्हतं, ट्रे रिकामा केलेला नव्हता, रंग द्यायचा होता. ते चार चौकोन कोरे होते. पाचव्या चौकोनात निळ्या पेनाची टीक होती.

तिथे हजर तिघांनाही मी विचारलं. मंडळाच्या प्रत्येक घराला ईमेल केली. दिवाळी आली, ती टीक आपली असं अजून कोणी म्हटलेलं नाही. झाकण उघडलं तेव्हा घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. टीक त्याच्या आधीची आहे.