झाकलेलं ताट

काल लेकीकडे जेवायला बसलो होतो. ताटं वाढून झाली आणि तिचा फोन वाजला. ती बोलत बोलत गॅलरीत गेली. जावयाने तिच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि तो तसाच बसून राहिला. "बाबा, तुम्ही सुरू करा. मी थांबतो तिच्यासाठी," म्हणाला.

माझा घास हातातच राहिला.

आमच्याकडे असं झाकलेलं ताट रोजचंच होतं. धुणीभांडी आटोपून वस्तीतल्या बायका भर दुपारीच हिच्याकडे यायच्या. कुणाचा पेन्शनचा अर्ज अडलेला, कुणाला नवऱ्याने मारलेलं. पोरांना वाढून, दुकानातून आलेल्या मला वाढून ही जेमतेम टेकायची, की दार वाजायचं. "तुम्ही जेवून घ्या, थांबू नका," म्हणत ही उठायची. परत यायची तोवर आमटी गार झालेली आणि मी आडवा झालेला. आतून तिच्या एकटीच्या जेवणाचा आवाज यायचा.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. एरवी मी तिचं कधी काही ऐकलं नाही. तेवढं एक मात्र जन्मभर निमूट ऐकलं.