घराखालची अडीच फूट जागा

आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, ती मूळ घरात नव्हती. आधीच्या मालकांनी नंतर वाढवून घेतलेली. बाकी घराखाली रीतसर बेसमेंट आहे, त्यात उभं राहून चालता येतं. तिथे घर गरम ठेवणारी फर्नेस, वॉशिंग मशीन आणि माझी कधीच न चालवलेली सायकल असते. या मागच्या खोलीखाली मात्र नुसती माती, आणि माती आणि लाकडी फ्लोअर यांच्यामध्ये अडीच फुटांची पोकळी. इकडे तिला क्रॉलस्पेस म्हणतात, म्हणजे रांगतच जावं लागतं अशी जागा. बेसमेंटच्या भिंतीत प्लायवूडची एक झडप आहे, ती काढली की आत जाता येतं.

इकडच्या ईडन प्रेरी गावात हे घर घेऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या झडपेतून मी एकदाच डोकं आत घातलं होतं. मला अरुंद जागेची भीती वाटते. लिफ्टची नाही, विमानाची नाही. पण जिथे मान वर करता येणार नाही अशा जागेची. त्या दिवशी मी लगेच डोकं बाहेर काढलं, झडप लावली, वर आलो आणि बायकोला म्हणालो, "चेक केलं. इन्सुलेशन वगैरे सगळं ठीक आहे." भीतीची गोष्ट तिला कधी सांगितलीच नव्हती. त्या वेळी हे खोटं फार छोटं वाटलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई नागपूरहून आल्या. बायकोला आठवा महिना लागला होता. सासूबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्या मला 'अहो' म्हणायच्या, मी त्यांना 'आई' म्हणायचो, आणि आमच्या दोघांमध्ये कायम एक चहाचा ट्रे असायचा. लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्यासमोर त्या खुर्चीत मागे रेलून बसल्याचं मला आठवत नाही. मागची खोली आम्ही त्यांना दिली. बाळ आलं की तीच बाळाचीही होणार होती.

आठवडाभरानंतर एका सकाळी त्यांनी नाश्त्याच्या टेबलावर एक कागद ठेवला.

"तुम्हाला पाच मिनिटं वेळ आहे का?"

कागदावर तीन दिवसांच्या नोंदी होत्या. बाळाच्या आंघोळीचं पाणी तपासायला आम्ही एक थर्मामीटर आणून ठेवला होता. तो त्यांनी खोलीत जमिनीवर, टेबलावर आणि कपाटावर ठेवून बघितला होता.

"जमिनीवर बारा डिग्री, टेबलावर एकोणीस, कपाटावर बावीस. एकाच खोलीत, एकाच वेळी," त्या म्हणाल्या. "असं काहून होत असेल?"

ही तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"इकडे थंडी असतेच ना आई. आपण जाड कार्पेट टाकू."

"कार्पेटने पाय झाकले जातील. जमीन काही गरम होणार नाही. आणि बाळाची मालिश करायला मी खालीच पाय पसरून बसणार आहे. जमिनीखाली काय आहे?"

"क्रॉलस्पेस आहे," बायको लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली. "त्याने चेक केलंय. आत सगळं ठीक आहे."

मी कप उचलून सिंककडे निघालो.

"आपण एकदा बघू या का?" सासूबाई मला म्हणाल्या.

"आत उंदीर वगैरे असतात, आई."

"असं? मग तर बघायलाच पाहिजे."

त्याच दिवशी मी एका कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. त्याने थेट जानेवारीतली तारीख दिली. ही बातमी मी घरात वाईट चेहऱ्याने सांगितली, पण आतून मला हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मीटिंग चालू असताना खालून ठक ठक आवाज यायला लागला. मी म्यूट करून बेसमेंटमध्ये गेलो. झडप काढून भिंतीला टेकवलेली होती आणि त्या भोकाबाहेर सासूबाईंच्या सपाता जोडीने ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा.

"आई?"

"या ना," आतून आवाज आला. जणू त्या मला दिवाणखान्यातच बोलावत होत्या. "येताना टॉर्च आणा. माझ्या फोनची बॅटरी संपत आलीय."

मी टॉर्च आणला आणि हात लांब करून आत दिला.

"आत या की. इथून नीट दाखवता येईल."

"मी इथूनच बघतो."

"तिथून काही दिसायचं नाही. बरं, तुम्ही मागे आत आला होतात ना, तेव्हाही हे गुलाबी कापसासारखं असंच खाली लोंबत होतं का?"

काहीतरी उत्तर देता आलं असतं. 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्या ज्या गंभीरपणाने विचारत होत्या त्यावरून माझं उत्तर त्यांच्या कागदावर जाणार हे दिसत होतं, आणि खोटी नोंद द्यायला मन होईना.

"आई, मी आत आलोच नव्हतो."

आतला उजेड हलला, माझ्या तोंडावर आला, मग पुन्हा जमिनीकडे गेला.

"काहून?"

"मला अशा जागेची भीती वाटते."

आता त्या म्हणणार, अहो त्यात घाबरण्यासारखं काय आहे. मी त्याची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे नेमकं काय होतं? आधी श्वास अडकतो, की आधी मनात काही येतं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"आधी मान," मी विचार करून म्हणालो. "मान वर करता येणार नाही असं वाटतं. मग श्वास."

"डोळे मिटले तर कमी होतं की वाढतं?"

"माहीत नाही."

"बघा मिटून."

मी डोळे मिटून खांद्यापर्यंत आत गेलो आणि लगेच मागे आलो. "वाढतं."

"बरं. मग उघडे ठेवा. आणि पाठीवर झोपून सरकत आलात तर? मान वर करायचा प्रश्नच येणार नाही."

मी मीटिंगचा शर्ट घालूनच जमिनीवर आडवा झालो आणि टाचांनी रेटत, डोकं पुढे करून आत सरकलो. नाकाच्या वर हातभर अंतरावर लाकडी तुळया होत्या. मातीचा गार, शिळा वास येत होता. छाती इतकी धडधडत होती की ते त्यांनाही ऐकू जात असेल असं मला वाटलं.

"नाडी मोजा," त्या शेजारून म्हणाल्या. "मी मिनिट लावते."

पहिल्यांदा एकशे अठरा भरली. मग त्या मला आजूबाजूचं दाखवत राहिल्या आणि मधूनमधून परत मोजायला लावत राहिल्या. मोजता मोजता ती शंभराच्या खाली आली. भीती गेली नव्हती. पण तिच्याकडे बघायचं काम मिळालं होतं, आणि काम असलं की मला बरं वाटतं.

बघण्यासारखं तिथे पुष्कळ होतं. तुळयांच्या मध्ये थंडी अडवायला कधीतरी बसवलेल्या फायबरग्लासच्या गाद्या ओल धरून सुटल्या होत्या आणि फाटक्या रजईसारख्या लोंबत होत्या. बाहेरच्या भिंतीत विटेएवढे चार जाळीदार झरोके होते आणि त्यांतून वारा सरळ आत येत होता. एका कोपऱ्यात उंदराचं घरटं होतं. गुलाबी धागे, मेपलची पानं आणि मुगाची डाळ.

"ही आपलीच दिसते," सासूबाई डाळ निरखत म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी पायात सपाता घातल्या आणि केसांतली जळमटं काढता काढता म्हणाल्या, "तिला तुम्हीच सांगा. मी बोलणार नाही."

संध्याकाळी जेवताना मी बायकोला सांगितलं. ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"तीन वर्षं तू मला खोटं सांगितलंस? क्रॉलस्पेसबद्दल?"

"भीती वाटते म्हणून सांगायची लाज वाटली."

"मला सांगायची लाज वाटली?" ती भात कालवायला लागली. "आणखी काय काय चेक केलेलं नाहीयेस?"

"अ‍ॅटिकमध्ये गेलो होतो. शपथ."

सासूबाई ताटात बघून वरण वाढून घेत होत्या. बायकोचा राग गेला, पण त्या दिवशी गेला नाही. दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली, आणि ते मला क्रॉलस्पेसपेक्षा अवघड गेलं.

शनिवारी मी आणि सासूबाई हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या वयस्कर माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की जुन्या गाद्या काढून टाका, झरोके बंद करा, मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरा आणि फ्लोअरखाली नाही, तर चारी बाजूंच्या भिंतींना आतून फोमचे बोर्ड लावा. मी भाषांतर करून सांगितलं. सासूबाईंना झरोक्यांचं पटेना.

"झरोके बंद? कोंडलेल्या हवेत लाकूड कुजेल. आमच्या घराला प्रत्येक खोलीत झरोके ठेवलेत, ते काय उगाच?"

"तिकडे उष्मा बाहेर घालवायचा असतो, आई."

"उष्म्याचं नाही म्हणत मी. ओलीचं म्हणतेय. ओल येते कुठून ते आधी कळायला हवं."

म्हणून काम सुरू करण्याआधी प्रयोग झाला. प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा त्यांनी मातीवर अंथरला आणि कडांवर दगड ठेवले. दोन दिवसांनी आम्ही दोघं आत गेलो. मी आता पाठीवर सरकत बऱ्यापैकी वेगाने जात होतो. त्यांनी प्लॅस्टिकचा कोपरा उचलला. वरची बाजू कोरडी होती, खालच्या बाजूला थेंबच थेंब.

"अरे वा," त्या म्हणाल्या. इतक्या खूश झालेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे ओल मातीतून येतेय. माती झाकली तर झरोक्यांचं कामच उरत नाही. तो माणूस बरोबर म्हणत होता."

पुढचे दोन वीकेंड आम्ही ते काम केलं. मास्क, गॉगल, हातमोजे. गाद्या पोत्यांत भरून मी बाहेर ओढायचो. प्लॅस्टिकचे जोड त्या टेपने चिकटवायच्या, वह्यांना कव्हर घालावं तशा नीट घड्या घालून. बोर्ड मी कापायचो आणि दर वेळी पाव इंच कमी कापायचो, त्यामुळे फटी राहायच्या. त्या फटी शोधायला त्यांनी देवघरातली उदबत्ती आणली आणि माझ्या हातात फटी बुजवायच्या फोमचा कॅन दिला. फोम चटकन पेट घेतो, म्हणून मी त्यांना उदबत्ती बोर्डापासून लांब धरायला लावली आणि कॅन वापरायच्या आधी दर वेळी ती बाहेर जाऊन विझवून यायला लावलं. धूर सरळ वर जाता जाता एखाद्या ठिकाणी एकदम वाकायचा.

"इथे!" त्या म्हणायच्या आणि खडूने खूण करायच्या.

सगळ्यांत जास्त खुणा भिंत संपून लाकूड सुरू होतं त्या कडेला झाल्या. तिथे बोट जाईल एवढी फट खोलीच्या पूर्ण लांबीला होती. आम्ही एवढी वर्षं खोली बाहेरच्या हवेवर ठेवून वरून गरम करत होतो.

त्या दिवसांत आमच्या मधला चहाचा ट्रे कुठे गेला ते कळलंच नाही. एकदा कोपरावर टेकून विश्रांती घेताना त्या म्हणाल्या, "मला उंचीची भीती वाटते. शाळेच्या गच्चीवर मुलांना ग्रहण दाखवायला न्यायचे आणि स्वतः जिन्याच्या दारात उभी राहायचे. मुलांना वाटायचं, बाई शिस्तीसाठी उभ्या आहेत." हे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. आता इथे लिहितोय ते त्यांना विचारूनच.

नोव्हेंबरच्या मध्यावर मुलगी झाली. आम्ही हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा पहिला बर्फ पडून गेला होता. सासूबाई तिला मांडीवर घेऊन मागच्या खोलीत खाली बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांनी थर्मामीटर जमिनीवर ठेवला. सतरा. बाहेर शून्याच्या बरंच खाली होतं. बायको दाराशी उभी राहून ते बघत होती. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "जरा आतून बघू दे ना मलाही. दोघंच दोघं जाऊन येता." तिचे टाके बरे झाल्यावर आम्ही तिला झडपेपर्यंत नेलं. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. मी काही आत जाणार नाही."

सासूबाई एप्रिलमध्ये परत गेल्या. जूनमध्ये मी आत चक्कर मारली तेव्हा मागच्या कोपऱ्यात प्लॅस्टिक थोडं फुगलेलं दिसलं. मी त्यांना सकाळी फोन केला, त्यांच्याकडे संध्याकाळ होती.

"ओल प्लॅस्टिकच्या वर आहे की खाली?"

"खाली."

"भिंत?"

"कोरडी आहे."

"म्हणजे बाहेरून येत असेल. छपराचं पाणी त्या कोपऱ्यात कुठे पडतं?"

 तीन वर्षांहून जास्त काळ राहत होतो आणि छपराचं पाणी कुठे पडतं हे मी कधी बघितलंच नव्हतं.

"बघून सांगतो," मी म्हणालो. फोन चालूच ठेवला आणि मुलीला कडेवर घेऊन घराच्या मागे गेलो.