गाणारा दिसला पाहिजे

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. सोलापुरात पॉवरलूमच्या शेडला लागून माझी खोली आहे. आवाज रेकॉर्ड करायचा तर माग बंद व्हायची वाट बघावी लागते. माझ्या मित्राचं गाणं आम्ही असंच एका सुट्टीच्या दिवशी रेकॉर्ड केलं. तो मंगळवेढ्याकडचा. ज्वारीची राखण करणाऱ्या नवराबायकोवर त्यानंच रचलेलं, त्यानंच गायलेलं गाणं होतं. व्हिडिओ सुगीत करू, असं ठरलं. सुगीच्या आधीच तो काविळीनं गेला.

दिवस घातल्यावर त्याची आई धाकट्या मुलाला घेऊन माझ्याकडं आली. गाणं लावू का विचारलं, तर ऐकवणार नाही म्हणाली. तिनं एवढंच मागितलं, की त्याचा व्हिडिओ करा, आणि लोक बघतील असा करा.

लोक बघतील असा म्हणजे कसा, ते मला उमगेना. म्हणून फोनवर गाणं घेऊन मी फिरलो. शेजारच्या विड्या वळणाऱ्या बायकांना ऐकवलं, मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर ऐकवलं, अक्कलकोटला मठाबाहेर हार विकणाऱ्यांना ऐकवलं. हे ऐकताना डोळ्यांपुढं काय येतं, व्हिडिओत काय बघायला आवडेल, असं विचारायचो. पोरांनी ड्रोन मागितला, नटलेली हिरॉईन मागितली. बाकीचे मात्र गाणाऱ्याबद्दलच विचारत राहिले. विड्या वळणारी एक बाई हातातलं पान तसंच धरून म्हणाली, फार जवळ बसून गातोय हा. हारवाल्यानं बायकोला कानडीत काहीतरी सांगितलं आणि मग मला म्हणाला, "बाकी कायबी दाखवा, पण गाणारा दिसला पायजे की."

तो आता नाही, हे मला कुणालाच सांगता आलं नाही. सगळे 'गातोय' म्हणत, मग मीही तसंच म्हणायला लागलो. कुठला आहे विचारलं, की मंगळवेढ्याचा आहे, म्हणायचो.

लोकांना गाणारा बघायचाय, हे मी धाकट्याला सांगितलं. तो श्रीपूरला साखर कारखान्यात कामाला आहे. चेहरा भावाचाच, कपाळ तेच, मानेचा वळसाही तोच. गाता गळा तेवढा नाही. तो म्हणाला, "मी हुबा ऱ्हातो. नुसतं व्हटच हलवायचं न्हवं?"

कणसं भरली तेव्हा त्यांच्याच शेतात शूटिंग केलं. त्यानं भावाचा शर्ट घातला होता. स्पीकरवर गाणं सुरू झालं आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मला माझा मित्र दिसला. कडवं घेण्याआधी तो डावा खांदा किंचित उचलायचा. धाकट्यानंही तो उचलला. मी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं.

आई भाकरी घेऊन आली आणि बांधावर बसली. गाणं ती पहिल्यांदाच ऐकत होती. रडेल असं वाटलं, पण ती म्हणाली, "पुन्यांदा लावा." पुन्हा लावलं. मग परत. मला हवं ते सगळं मिळालं होतं. मी कॅमेरा बंद केला, तरी गाणं थांबवलं नाही, आणि तोही ओठ हलवत राहिला. ऊन डोक्यावर आल्यावर आईनं जेवायला हाक मारली, ती थोरल्याच्या नावानं. धाकट्यानं ओ दिली.

व्हिडिओ लोकांनी बघितला. पुढचं गाणं कधी येणार, असं खाली लिहितात. हळदीला गायला पाठवा म्हणून मला फोन येतात. काढून टाकू का, असं मी धाकट्याला विचारलं होतं. आई रोज बघती, राहू दे, म्हणाला.

परवा त्याचा फोन आला. ऊसतोडीवाल्यांच्या तळावर त्याला लोकांनी ओळखलं, आणि गाण्याचा आग्रह धरला. त्यानं खरं सांगितलं: गाणारा माझा भाऊ होता, तो वारला. कुणाला पटेना. एका बाईनं फोनवर व्हिडिओ लावून त्याच्या तोंडाशी धरला आणि विचारलं, "त्यो मेला म्हणतायसा, मग ह्यो कोण हाय?"

"मग काय म्हणालास?" मी विचारलं.

"गाणं चालूच हुतं. व्हट हलवलं नुसतं," तो म्हणाला. त्याच्या मागं उसाचे ट्रॅक्टर जात होते.