सत्तेचाळीस निळ्या पानांची प्लेट

माझ्याकडे उत्तर युरोपातल्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचे एकतीस नग आहेत. स्वीडनचे चौदा, फिनलंडचे अकरा, नॉर्वेचे सहा. डेन्मार्कचा एकही नाही, आणि ही उणीव जव्हारमध्ये माझ्याशिवाय कोणालाही जाणवलेली नाही.

सुरुवात महामार्गावरच्या एका दुकानात झाली. मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान तिथे विकायला असतं: खुर्च्या, दोरखंड, पंखे, खलाशांच्या जेवणाची भांडी. मी घरासाठी जुनं कपाट बघायला गेलो होतो. कपाट मिळालं नाही, एक निळी प्लेट घेऊन आलो. मग ती ठेवायला काचेची दारं असलेलं कपाट करून घ्यावं लागलं. म्हणजे कपाटाचं काम झालंच.

पुढे मोबाइलवर अशा भांड्यांच्या शौकिनांचा एक गट सापडला. तिथले लोक एका कपाच्या कानावर पाच परिच्छेद लिहितात. त्यांच्याकडून मला कळलं की या भांड्यांवरची नक्षी कामगारांच्या रोजच्या जेवणासाठी काढलेली होती. सुंदर वस्तू श्रीमंतांपुरती राहू नये, साध्या माणसाच्या टेबलावरही असावी, असा तिकडच्या लोकांचा विचार. तो मला फार पटला. मी भांड्यांना कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

त्यातली सगळ्यात लाडकी म्हणजे फिनलंडची, चोवीस सेंटिमीटर व्यासाची एक प्लेट. तिच्या कडेने हाताने रंगवलेली निळी पानं आहेत. मी ती मोजली, सत्तेचाळीस भरली. गटावर कोणी तशाच प्लेटचा फोटो टाकला, त्यात सेहेचाळीस निघाली. प्लेटच्या मागे रंगवणाऱ्या बाईची दोन अक्षरं आहेत. त्या बाईने माझ्या प्लेटवर एक पान जास्त का काढलं असेल, यावर मी दोन रविवार विचार केला. आपल्या घरात रोज भांडी घासणाऱ्या बाईंचा मी अकरा वर्षांत एवढा विचार केलेला नाही, असं बायकोने तेव्हा सुनावलं. तिचा हिशेब बरोबर होता.

त्या बाईंना आम्ही मावशी म्हणतो. त्या दाभोश्याहून जीपने येतात. मी मोखाड्याला जमीनमोजणीच्या कामावर जातो. मावशींच्या घरात कोणाच्याही नावावर मोजण्यासारखी जमीन नाही, तेव्हा ऑफिसच्या निमित्ताने आमची ओळख होण्याचा संभव नव्हता. अकरा वर्षांत मावशी आमच्याकडे एकदाही जेवल्या नव्हत्या. चहा घ्यायच्या, तोही मागच्या दाराच्या पायरीवर बसून, स्टीलच्या पेल्यातून. जेवायला विचारलं की भूक नाही म्हणायच्या. सकाळी सातला घर सोडलेल्या माणसाला दुपारी दीडला भूक कशी नाही, हे मी कधी तपासलं नाही. एरवी मी सगळं तपासतो.

गेल्या वर्षी नाशिकला बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर बेचाळीस दिवस मावशींनी तिला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. मीही मदत केली, म्हणजे औषधांच्या वेळांचा तक्ता आखून भिंतीवर लावला. बायको चालायला लागली तेव्हा तिने एकच गोष्ट मनात धरली: मावशींनी आपल्या शेजारी बसून एकदा तरी जेवलं पाहिजे. साडी देऊन सुटायचं नाही म्हणाली. तिने चार वेळा विचारलं, चारही वेळा मावशींना भूक नव्हती. पाचव्यांदा त्या हो म्हणाल्या. पुढचे तीन दिवस बायको धास्तीत होती, की मावशी आयत्या वेळी काहीतरी कारण काढतील आणि मग पुन्हा कधी विचारायची सोय राहणार नाही.

रविवारी तिने नागलीच्या भाकरी केल्या, उडदाची आमटी, भात, सुकटीची चटणी. मी विचार केला, आपणही काही केलं पाहिजे. म्हणून कपाट उघडून फिनलंडची प्लेट काढली.

बायको म्हणाली, "घरात सगळ्यांना जे ताट असतं ते द्या ना त्यांना."

मी तिला समजावलं की पाहुण्याचा मान असतो. कलेक्टर घरी आले असते तरी मी ही प्लेट काढली नसती, आज काढतो आहे. मग आपणही तसल्याच प्लेटांत जेवू, असं ती म्हणाली, तर तसा जोड माझ्याकडे नव्हता. त्या नक्षीची एकच होती, आणि वेगवेगळ्या नक्षीच्या तीन प्लेटा एका टेबलावर मांडणं मला सहन झालं नसतं. तेव्हा दोन स्टीलची ताटं आणि एक निळी प्लेट, अशी मांडणी झाली. दोन पावलं मागे जाऊन मी ती पाहिली. छान दिसत होती. फोटोही काढला.

मावशी हातपाय धुऊन आल्या, खुर्चीवर बसल्या. प्लेटकडे पाहिलं. मग आमच्या दोघांच्या ताटांकडे पाहिलं. उठल्या, प्लेट उचलली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसल्या.

बायको डाव हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी मावशींच्या मागे गेलो आणि प्लेट फिनलंडची आहे, सत्तर वर्षं जुनी आहे, हाताने रंगवलेली आहे, हे सांगितलं. पानांची संख्याही सांगितली. ती कोणी विचारली नव्हती.

"चिनीच्या भांड्याची जागा हितंच असते, दादा," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. लहान असताना आईबरोबर त्या जव्हारच्या एका घरी कामाला येत. ओसरीच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी चिनी मातीचा कप असे. घरातल्यांना पितळ आणि स्टील, यांना चिनी. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि पालथा ठेवायचा. त्यावरही निळी फुलं होती, चांगली होती, असंही त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. तो त्यांनी बायकोशी बोलताना थोडा चढवला.

"बाय, अकरा वरसं मी तुमच्या घरच्या पेल्यात च्या पिली. आज जेवाया बोलावलंत न् चिनी काढलीत. मी काय समजू?"

बायको नाशिक शहरातली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी जव्हारचा. मला ठाऊक होतं. आमच्याच ओसरीवर तसा कप होता, कान तुटलेला, आणि त्याला शिवायचं नाही अशी मला ताकीद होती. चिनी मातीच्या प्रत्येक नगाचा देश, व्यास आणि अंदाजे वय मी वहीत लिहून ठेवलं आहे. तो कप वहीत नाही.

मी एवढंच म्हणालो, की चूक झाली. आणखी काही बोललो असतो तर ते नक्षीबद्दलच निघालं असतं.

बायकोने आपलं ताट उचललं आणि एका हाताने भिंत धरून पायरीकडे निघाली. खाली बसायला डॉक्टरांनी वर्षभर मनाई केली होती. मावशींनी ते पाहिलं आणि झटकन उठल्या.

"गुडघा वाकवू नको, बाय. बेचाळीस दिवस पाण्यात घालशील."

तिला दंडाला धरून त्यांनी खुर्चीवर बसवलं. मग निळी प्लेट माझ्या जागेवर ठेवली, माझं स्टीलचं ताट आपल्याकडे ओढलं आणि डाव आपल्या हातात घेतला.

"तुमची हाये ना? मग तुमीच जेवा."

मी बसलो. भात वाढून झाल्यावर मावशींनी आमटीचा डाव माझ्या प्लेटच्या वर हातभर उंच धरला आणि आमटी वरून सोडली, भांड्याला भांडं लागू न देता. असं वाढणं मी लहानपणी पुष्कळ पाहिलं आहे. माझी आई वाढायची, ओसरीवर. मी आत दारात उभा असायचो.

मावशींचा चेहरा अगदी गंभीर होता. बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की रडते आहे, हे मला सांगता येईना.

"आणखी वाढू, दादा?"

मी हो म्हणालो. त्यांनी तेवढ्याच उंचीवरून वाढलं. मग बायकोच्या शेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या, भाकरी मोडली, आणि सुकटीत तिखट कमी पडलंय म्हणून बायकोला सांगत जेवायला लागल्या.