शहापुरात शहाणी, घरी आडमुठी

आमच्या घरात कॉलेज शिकलेला पहिला माणूस मी, आणि मोटारसायकल आणलेलाही पहिला मीच. हे मी मुद्दाम सांगत नाही, पण कुणी विचारलं नाही तरी विषय तिकडे जातोच.

किन्हवलीजवळच्या आमच्या गावात गाडी आली तेव्हा आईने पुढच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं. बाबांनी लाल-पिवळ्या लोकरीचा गोंडा आणला. स्वतः केलेला. बैलाच्या शिंगाला बांधतात तसा तो त्यांनी हँडलच्या डाव्या मुठीला, अगदी टोकाशी, सुतळीचे भरपूर वेढे देऊन बांधला.

"शिंगं दोन हायत, बाबा. एकालाच?"

"लोकर सपली. दुसरा झाला की बांधीन."

गाडीला गिअर चार आणि नखरे त्याहून जास्त. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की खटाक व्हायचं आणि गाडी उडी मारायची. उभी केली की न्यूट्रल सापडायचा नाही. पायाने वर-खाली करत बसायचं.

बाबा ओट्यावरून बघायचे. "नवा खोंड हाय. जोताला लागायचाय अजून."

खरी अडचण वेगळीच होती. त्या वर्षी म्हसा गावच्या जत्रेला एसटीने न जाता माझ्या मागे बसून जायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. बैलबाजारात त्यांचे जुने सोबती यायचे, त्यांच्यादेखत त्यांना पोराच्या गाडीवरून उतरायचं होतं. हे अर्थात आईने सांगितलं, त्यांनी फक्त अट सांगितली.

"उडी मारनाऱ्यावर मी बसनार नाय. शांत झाली की सांग."

मी गाडी शहापूरला शोरूमात नेली. शहापुरात शिरण्याआधी गोंडा सोडून खिशात घातला. पदवीधराच्या गाडीला बैलाचा साज, हे मला तेव्हा पटत नव्हतं, आजही पटत नाही. मेकॅनिकने चक्कर मारली. गिअर लोण्यासारखे पडले.

"काही नाही हो साहेब. चपलेवर चालवता का? बूट घाला."

बूट घातले. येताना वाटभर गाडी गुणी पोरीसारखी आली. वेशीवर गोंडा पुन्हा बांधला, बाबांनी घातले होते तसेच वेढे घालून, कारण ते ओट्यावर वाट बघत असणार हे माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातच खटाक.

पुन्हा शहापूर. ऑइल बघितलं, चेन बघितली, क्लचची केबल ताणून दिली. तिथे ठीक. घरी आल्यावर पुन्हा उडी. मला तर आमच्या अंगणाच्या उताराचा संशय येऊ लागला.

आई म्हणाली, "शापूरला गेली की शानी व्हते, घरी आली की आडमुठी. तुझ्यावरच गेलीय."

जत्रेला जायच्या आदल्या दिवशी मी बंद गाडीवर बसून नुसता क्लच दाबत होतो. थंडी होती, लोकर बोटांना बरी वाटत होती. दाबता दाबता जाणवलं की बोटं दर वेळी तिथेच अडतात. क्लचची दांडी सुतळीच्या वेढ्यांवर टेकत होती आणि पुढे जातच नव्हती. क्लच अर्धाच दबत होता.

तेवढ्यात बाबा आतून आले. हातात दुसरा गोंडा.

"झाला बघ. उजवीकडं बांध."

आता बोलणं भाग होतं.

"बाबा, उजवीकडं ब्रेक हाय."

"मग?"

"डावीकडं क्लच. गोंड्यानं तो पुरता दबत नाय. म्हनून उडी मारते."

बाबांनी स्वतः क्लच दाबून बघितला. आई दारातून म्हणाली, "म्हंजे खोंड बरा व्हता. साजच जड झाला."

"तू गप गो." मग माझ्याकडे वळून, "शापूरला कशी चालायची मग?"

हा प्रश्न येणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"तिथं सोडून ठेवायचो."

"का? पदवीला टोचायचा?"

बाबांनी वाकून स्वतःच गाठ सोडली आणि दोन्ही गोंडे पिशवीत टाकून आत गेले. उद्या एसटीनेच जातात की काय, अशी मला धास्ती लागली.

सकाळी ते धोतर-टोपी घालून, पिशवी घेऊन गाडीपाशी उभे. मी क्लच दाबला, पहिला टाकला. आवाज नाही, उडी नाही. ते बसले. मुरबाड मागे पडलं. म्हशाला बाजाराच्या तोंडाशी पाठीवर थाप पडली.

"थांबव." उतरले, पिशवीतून दोन्ही गोंडे काढले. "आता बांध."

"बाबा, क्लच..."

"आता कुठं चालवायचीय? हातानं धरून चल."

मग बैलांच्या रांगांमधून, दोन्ही मुठींना गोंडे बांधलेली ती गाडी मी ढकलत निघालो, आणि बाबा पुढे, हात मागे बांधून. त्यांच्या एका सोबत्याने वाट अडवली. गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बैलाचं वय विचारतात तसं विचारलं.

"खोंड झकास हाय रे. दात किती?"

"चार," बाबा म्हणाले. "आन लय शांत. पोरानं शिकवलाय."