चुलतसासऱ्यांचा एकुलता एक शोधनिबंध

माझ्या चुलतसासऱ्यांइतका, म्हणजे नानांइतका, प्रामाणिक माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्याबरोबर चहा प्यायला एवढा वेळ लागत नसेल. कारण कुठलीही गोष्ट ते मूळ धन्याच्या नावासकट सांगतात. "आज एसटी उशिरा येणार," एवढंच सांगायचं असलं तरी "हे माझं निरीक्षण नाही, स्टँडवरच्या रसवंतीवाल्यानं सांगितलं, त्याला कंडक्टरनं," अशी पुस्ती जोडतात. माझ्या लग्नात दोन शब्द बोलायला उभे राहिले, एक विनोद सांगितला, मांडव हसला. तर हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि "श्रेय आमच्या नेवाशाच्या दूधवाल्याला, मी फक्त शेवट आवरला," असं जाहीर केलं. उलट कुणी ऐकीव काही ठोकून दिलं की लगेच विचारणार, "दाखला?" मेथीच्या लाडवांनी गुडघे सुधारतात याचा दाखला त्यांनी सासूबाईंकडे इतक्या वेळा मागितला, की सासूबाईंनी लाडू करणंच सोडलं.

ही खोड संशोधनानं लावलेली. श्रीरामपूरच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव रातकिड्याच्या मेंदूत. नराचं गाणं मादीच्या मेंदूतली नेमकी कुठली पेशी ओळखते, हा त्यांचा प्रश्न. उसाच्या फडातून रातकिडे धरून आणायचे, कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत त्यांना गाणी ऐकवायची. "घरात बायकू काय बोलती त्ये ऐकू येत न्हाई, आन् किड्याला काय ऐकू येतंय त्ये बघत बसत्यात," असं चुलतसासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. या खटाटोपातून जन्मात एकच शोधनिबंध छापून आला. बरोबरीचे लोक एका निबंधाचे तुकडे करून चार ठिकाणी छापत होते, तेव्हा हे आपल्या एकाच निबंधातले स्वल्पविराम तपासत होते.

आता संशोधकाची पत ठरते ती इतरांनी आपल्या निबंधांत त्याचा दाखला दिला की नाही यावर. यांचा कुणीच दिला नव्हता. एका सहकाऱ्यानं सुचवलं, "सर, तुम्ही माझा द्या, मी तुमचा देतो." हे उसळले, "हा काय लग्नातला आहेर आहे?" बढती हुकली ती हुकलीच. पण निवृत्तीनंतरही रोज चहाच्या आधी मोबाईलवर आपल्या निबंधापुढचं शून्य बघायचे. कशाला जिवाला लावून घेता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जावईबापू, मान नको मला. कुणीतरी एकानं वाचावं." आवाज इतका बारीक झाला होता की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या शून्याचा एक झाला. परदेशातल्या कुणा संशोधक बाईंनी दाखला दिला होता. त्यांच्या पुतण्यानं दुपारपर्यंत गावच्या चौकात फ्लेक्स चढवला: 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे मेंदूतज्ज्ञ', आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळी गल्ली. इकडे नाना तो परदेशी निबंध सावकाश वाचून चष्मा पुसत बाहेर आले. बाईंनी दाखला दिला होता तो यांचा निष्कर्ष चुकला हे सांगायला. गारठ्यात रातकिडा संथ गातो आणि मादीचा मेंदूही तशीच संथ लय पसंत करतो. यांनी सगळे प्रयोग ऐन थंडीत केले आणि तीच लय बारमाही म्हणून लिहून टाकली.

पुतण्याचं तोंड उतरलं. "नाना, फ्लेक्स उतरवू का वो?"

"उतरवतोस कशाला? पेढे आण."

"चुकलं म्हनून पेढं? असं कुठं आस्तंय व्हय?"

"अरे, चूक माझ्या शेवटच्या ओळीत होती," नाना म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे बाई तिथपर्यंत वाचत आल्या!"

पेढे वाटून झाल्यावर त्यांनी शिडी मागवली आणि फ्लेक्सवर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'दुरुस्ती: निष्कर्ष चुकीचा होता. चूक दाखवणाऱ्या बाईंचे आभार.' चौकातल्या फ्लेक्सवर खरं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. फार अभिमान वाटला मला त्यांचा.

तो फ्लेक्स आता पुतण्याच्या कडब्यावर झाकण म्हणून आहे. नाना संध्याकाळी थर्मामीटर घेऊन उसाच्या बांधावर बसतात. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू केले आहेत. मी गेलो की शेजारी बसतो. मला तर ती नुसती किरकिर वाटते. परवा ते बराच वेळ कान देऊन बसले होते, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं वाटायचं, हे आपण एकटेच ऐकतोय."

दाखला मागायची सवय त्यांनीच मला लावली आहे. या वाक्याला मात्र मी मागितला नाही.