निसटलेला गुरु

माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, लहानपणापासून त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत सांगत आलेत, "स्वल्प गप्प बस ग." ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती.

काचबिंदूनं अण्णांचा डावा डोळा गेलाय. उजव्यावर सगळी मदार, आणि त्याचाही भरवसा डॉक्टर देत नाहीत. तेव्हा अण्णांनी एकच हट्ट धरला, नजर आहे तोवर गुरु बघायचा. जन्मभर गुरुवारचे उपास केलेत त्यांनी. माझं लग्नसुद्धा गुरुबळ येईपर्यंत अडवून ठेवलं होतं. तेव्हापासून मी त्यांना चिडवते, "अहो, ज्याच्यावर पाय टेकायला जमीन नाही, तो माझं लग्न काय जमवणार!" माहेरी, चामराजपेटच्या घरात आमचं हे नेहमीचंच.

मी दुर्बीण घेतली. एका संध्याकाळी त्यांना बेळ्ळंदूरला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर आणलं. चार शेजारीही जमले. गुरु बरोबर मधोमध धरला, आणि अण्णांना बघू देण्याआधी मीच सुरू झाले. हा सगळा हायड्रोजन आणि हेलियम. दिसतात ते ढगांचे पट्टे, त्याखाली घट्ट जमीन नाहीच. एवढा अगडबंब, तरी दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो, म्हणून वरून-खालून चेपलेला. त्याच्यावरचा तांबडा डाग म्हणजे वादळ, आपली अख्खी पृथ्वी त्यात मावेल! शेजारी वा वा करत होते, मला आणखी चेव चढत होता.

शेवटी अण्णा वाकले. उजवा डोळा लावून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"दिसला का?"

"दिसला की. पट्टे आहेत. तांबडा डागपण छान दिसतोय."

मी खो-खो हसले. "अण्णा, डाग आत्ता पलीकडच्या बाजूला आहे! काहीही काय सांगता!" सगळे हसले. अण्णाही हसले आणि खुर्चीत जाऊन बसले.

मग मी डोळा लावला. आत नुसता काळोख. माझी दुर्बीण साध्या स्टँडवरची. पृथ्वी फिरते तसा ग्रह तिच्यातून हळूहळू बाहेर सरकतो, तो सारखा धरून ठेवावा लागतो. माझं व्याख्यान चाललं होतं तेवढ्यात गुरु केव्हाच निसटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं तो पुन्हा धरला, म्हटलं, "अण्णा, परत एकदा या ना."

"पुरे ग. दिसला."

चार लोकांत स्वतःची चूक सांगायला माझी जीभ उचलली नाही. एरवी कशी चुरुचुरु चालते!

पुढच्या गुरुवारी आईचा फोन आला. अण्णा पेपर उघडत नाहीत, देवापुढचा दिवाही तिच्याकडून लावून घेतात. तशीच ऑफिसातून उठले आणि चामराजपेट गाठलं.

"अण्णा, त्या दिवशी दुर्बिणीत काही नव्हतंच. मी बडबडत बसले नि गुरु निघून गेला. कुणालाच दिसला नसता."

डावा डोळा झाकून त्यांनी उजव्यासमोर स्वतःचा हात धरला, बोटं हलवून बघितली, आणि हळूच विचारलं, "म्हणजे माझा हा डोळा अजून आहे?"